लायब्ररीचं लॉक

"अर्ध्या तासाचं काम आहे," अनिल विशे म्हणाला. "त्यातही बराचसा वेळ संगणक सुरू व्हायलाच जाईल."

अनिल शहापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि अशी वाक्यं तो नेहमी जेवताना बोलायचा, कारण त्या वेळी समोरच्या माणसाच्या तोंडात घास असतो. पण नम्रतानं घास गिळला आणि विचारलं, "नक्की ना? सोमवारी पाहुणे येतायत."

"नम्रता, मी हे मुलांना शिकवतो."

नम्रता मुरबाडच्या एका संस्थेत काम करायची. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आणि वैशाखऱ्याकडच्या काही पाड्यांवर संस्थेनं बालवाडीतल्या पोरांना रोज नाचणी-शेंगदाण्याचा लाडू सुरू केला होता. काही पाड्यांवर तो अजून पोचला नव्हता. दोन्हीकडच्या पोरांची वजनं नम्रता दर महिन्याला स्वतः घेत होती. कधी काटा झाडाला टांगून, कधी रडणाऱ्या पोराला धरता धरता स्वतःच टांगली जाऊन. लाडवानं खरंच फरक पडला का, हे मुंबईच्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. ते पटलं तर लाडू सगळ्या पाड्यांवर जाणार होता. नाही पटलं तर होता तोही बंद.

हिशेब अवघड होता, पण अनिलकडे उत्तर होतं. 'आर' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. संस्थेच्या संगणकावर ते आधीच होतं. तो संगणक कुणीतरी देणगी म्हणून दिला होता आणि देणाऱ्याच्या इंजिनिअर भाच्यानं त्यावर मोठ्या हौसेनं लिनक्स टाकून दिलं होतं. त्याला हात लावायला संस्थेत सगळे घाबरत. आता फक्त त्या 'आर'मध्ये एक नवीन पॅकेज, म्हणजे ह्या हिशेबाची तयार जोडणी, इंटरनेटवरून आणून बसवायचं होतं.

रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून किन्हवलीमार्गे मुरबाडला आले. मुरबाड हे नम्रताचं माहेर. म्हणजे अनिल अख्ख्या गावाचा जावई. वाटेत चार ठिकाणी थांबून त्याला "कसं काय जावईबापू" ऐकावं लागलं आणि चारही ठिकाणी तो खूश झाला. संस्थेचं ऑफिस गावच्या वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. त्याला ऑफिसात सोडून नम्रता आईकडे, कमळाबाईंकडे गेली. "जेवणाचा डबा घेऊन येते. तोवर होईल ना?"

"तोवर मी झोप काढलेली असेन," अनिल म्हणाला.

संगणक सुरू झाला. फोनच्या तारेवरून इंटरनेट लागलं. त्या काळी ते लागताना दोन मांजरांचं भांडण लागल्यासारखा आवाज यायचा. अनिलनं हुकूम दिला. संगणकानं उत्तर दिलं, की पॅकेजांच्या लायब्ररीत लिहायची तुम्हाला परवानगी नाही.

गावच्या जावयाला परवानगी नाही म्हणजे काय? अनिल रूट झाला. लिनक्समध्ये रूट म्हणजे सर्वेसर्वा, त्याला कोणी काही विचारत नाही. पण पॅकेज विचारू लागलं. मला आधी दुसरं एक पॅकेज लागतं, म्हणालं. ते आणलं, तर त्याला तिसरं हवं होतं. तिसरं म्हणालं, मला इथल्या इथं घडवायला अमुक एक कंपायलर लागतो, तो कुठंय? लग्नाचं आमंत्रण द्यायला एका मामाकडे जावं, तर त्यानं म्हणावं आधी धाकट्याकडे जा, आणि धाकट्यानं मेहुण्याचा रुसवा काढून आणायला सांगावं, तशी गत झाली. कंपायलर एका सीडीवर सापडला. सीडी कपाटावर तुळशीच्या कुंडीखाली होती.

शेवटी सगळे मामा गोळा झाले. पडद्यावर ओळी भराभर पळू लागल्या आणि अनिलनं खुर्चीत मागं रेलून पाय लांब केले. आणि लाइट गेली.

लोडशेडिंग संपून लाइट आली, तेव्हा संगणकानं नवीनच तक्रार काढली. लायब्ररीला लॉक लागलंय, म्हणाला. काम अर्धवट सुटल्यावर ते लॉक तसंच मागं राहिलं होतं. अनिलनं घाम पुसला आणि पुण्यातल्या मित्राला, शामला, फोन लावायचं ठरवलं. शाम एका कंपनीत हेच काम करायचा.

ऑफिसच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे आणि मोबाइलला मागच्या खोल्यांत रेंज नव्हती. रेंज यायची ती वाचनालयाच्या पुढच्या पायरीवर, तीही एका टोकाला, आणि तिथंसुद्धा ओरडल्याशिवाय पलीकडच्याला ऐकू जात नसे. पायरीच्या दुसऱ्या टोकाला गिरजाबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वाचनालय त्याच झाडायच्या. नम्रताला त्यांनी झबल्यात असल्यापासून पाहिलं होतं.

"शाम," अनिल ओरडला, "अरे, लायब्ररीत शिरूच देत नव्हते. मग रूटनं शिरलो."

गिरजाबाईंच्या हातातली शेंग थांबली.

"आता लॉक लागलंय. मघाशी लाइट गेली ना, तेव्हा राहिलं... काय म्हणतोस, उडवू? सरळ उडवू? आणि आतलं जुनं सगळं?... तेही काढून टाकू?... नाय रे, विचारायचं कुणाला. आज रविवार, इथं बघायला कोण येतंय."

तो समाधानानं आत गेला. गिरजाबाईंनी सोललेले वाल पदरात बांधले, टरफलं तिथंच सोडली आणि तडक गणूकाकांचं घर गाठलं.

गणूकाका म्हणजे निवृत्त मास्तर आणि वाचनालयाचे सचिव. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे. जेवणाआधीच्या डुलकीतून उठवल्यामुळे ते आधीच त्रासले होते.

"भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या, "नमीचा नवरा लायब्ररीचं लाक उडवतोय."

"कोन म्हनतं?"

"त्योच म्हनतो. कोन एक शाम हाय, त्याला फोनवर इचारीत व्हता. आतलं जुनं सगलं काढून टाकायचं ठरलंय त्यांचं."

"अगो, तो प्राध्यापक हाय."

"मंग जुनी पुस्तकंच नेनार ना त्यो," गिरजाबाई म्हणाल्या.

हे गणूकाकांना पटलं. वाचनालयात पन्नास वर्षांपूर्वीचे ग्रंथ होते आणि मागच्याच महिन्यात ह्याच जावयानं ते बघून "काय माल आहे काका" असं म्हटलेलं त्यांना आठवलं. तरी माणूस शहाणा. त्यांनी आधी ऑफिसात फोन लावला. फोन एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. आत अनिलनं परत इंटरनेट लावलं होतं, पण हे त्यांना कसं कळणार?

"लाइन कापली," गणूकाका म्हणाले, आणि सदरा घालायला उठले.

जाताना त्यांनी गिरणीवाल्या धाऊला हाक मारली. धाऊ पीठ झाडत, हातात पहार घेऊन निघाला. मैदानावर क्रिकेट चालू होतं. हातात पहार घेतलेल्या पांढऱ्याफटक धाऊला बघून दोन्ही संघ मॅच सोडून मागोमाग आले.

वाचनालयाच्या दाराला कुलूप जसंच्या तसं होतं. हे बघून गणूकाकांना बरं वाटायला हवं होतं, पण ते जास्तच घाबरले. "म्हंजे मागल्या अंगानं शिरला."

बाहेरचा गलका ऐकून अनिल मागून आला. केस उभे, शर्टाची वरची बटणं उघडी, डोळे लाल. लॉक उडवल्यावर पॅकेजानं आणखी एका मामाचं नाव काढलं होतं. पण एवढ्या गावकऱ्यांसमोर आपलं अडलंय हे जावयानं कसं सांगावं?

"काय चाललंय, जावईबापू?" गणूकाकांनी विचारलं.

"काही नाही काका. लायब्ररीचंच काम. होत आलंय."

जमाव एक पाऊल मागं सरला.

"लाक उडवलं?"

"ते मघाशीच उडवलं," अनिल म्हणाला. काकांना एवढी तांत्रिक माहिती कशी, ह्याचं त्याला कौतुक वाटलं. "आता फक्त थोडं बाहेरून आणायचं राहिलंय."

गणूकाकांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कुलपात किल्ली घातली. गडबडीत ती कुठली हे बघितलंच नाही. किल्ली घरच्या धान्याच्या कोठीची होती. ती शिरली अर्धी, आणि काकांनी मास्तरकीचा सगळा जोर लावून ती फिरवली. कट्ट असा आवाज झाला. अर्धी किल्ली त्यांच्या हातात राहिली, अर्धी कुलपात.

वाचनालय उघडायची वेळ झाली होती. पेपर वाचायला येणारी म्हातारी मंडळी जमू लागली होती आणि आत काय उरलंय हे बघितल्याशिवाय गणूकाकांचा जीव शांत होणार नव्हता. त्यांनी धाऊच्या हातातली पहार घेतली आणि अनिलपुढं धरली.

"तुमाला सराव हाय. उडवा."

अनिलला सराव नव्हता, पण त्याला नाही म्हणायचाही सराव नव्हता. त्यानं पहार कडीत अडकवली आणि दाबली. काही झालं नाही. क्रिकेटवाल्यांनी सल्ले दिले. त्यानं पाय दाराला लावला, डोळे मिटले आणि अंगातलं सगळं संख्याशास्त्र पणाला लावलं. कुलूप शाबूत राहिलं. कोयंडा मात्र चौकटीच्या फळीसकट उखडून आला आणि अनिल पहारीसकट गिरजाबाईंच्या टरफलांत बसला.

नेमकी तेव्हाच नम्रता डबा घेऊन कोपऱ्यावर वळली. आपला नवरा पहार मांडीवर घेऊन बसलाय, शेजारी वाचनालयाचं दार उघडं पडलंय आणि भोवती आपलं अख्खं माहेर उभं आहे, हे तिनं शांतपणे पाहिलं. मग तिनं डबा पायरीवर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "संगणक कुठाय?"

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. संगणकातल्या पॅकेजांच्या जागेलाच लायब्ररी म्हणतात आणि उडवायचं लॉक ते होतं, हे अनिलकडून काढून घेऊन नम्रतानं सगळ्यांना सांगितलं. सांगताना ती दोनदा तोंडाला पदर लावून थांबली. गणूकाकांनी आधी आत जाऊन कपाटं तपासली. एकही पुस्तक हललं नव्हतं. मग ते मागच्या खोलीत आले आणि हात पाठीशी बांधून पडद्यापुढं उभे राहिले.

"म्हंजे ह्या पेटीतबी लायब्ररी हाय?"

"हो काका."

"सचिव कोन?"

अनिलनं विचार केला. "रूट."

"कोनी निवडून दिला त्याला?"

"कोणीच नाही. ज्याला पासवर्ड माहीत, तो सचिव."

"आमच्याकडं असलं चालत नाय," गणूकाका म्हणाले, पण आवाजातला राग गेला होता. आपल्याच हातानं किल्ली मोडली हे त्यांनाही ठाऊक होतं.

"अहो, पण पॅकेज बसलं का?" नम्रतानं विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. अनिलनं नकारार्थी मान हलवली. त्या क्षणी त्याला खरंच वाईट वाटलं. दाराचं नाही, दार दुरुस्त झालं असतं. पाड्यापाड्यांवर काटा खांद्यावर टाकून चालणारी नम्रता त्याला आठवली, आणि उद्या ती पाहुण्यांपुढं रिकाम्या हातानं उभी राहील ते दिसलं.

नम्रतानं अनिलचा मोबाइल उचलला आणि ती पुढच्या पायरीवर गेली, मागोमाग सगळे. "शामभावजी, मी नम्रता. जरा मलाच सांगा. माझ्याकडं मुलांची वजनं आहेत. तीच मुलं, दर महिन्याला. काही पाड्यांना लाडू मिळतो, काहींना नाही. फरक बघायचाय."

ह्यावर शाम एवढ्या मोठ्यानं ओरडला, की पायरीवरच्या सगळ्यांना ऐकू आलं.

"वहिनी, एवढंच? हा अन्या सकाळपासून नुसतं पॅकेज कसं बसवू, पॅकेज कसं बसवू करतोय. काय काढायचंय ते सांगितलंच नाही त्यानं. ह्या हिशेबाला नवीन काही लागत नाही. त्याचं पॅकेज 'आर'बरोबर आधीपासूनच येतं. नुसतं नाव घ्यायचं."

अनिलनं आत जाऊन नाव टाइप केलं. संगणकानं तक्रार केली नाही. लॉक नाही, परवानगीचा प्रश्न नाही, एकही मामा नाही. नम्रतानं सांगितलेली वजनं त्यानं भरली आणि हिशेब लावला, तशा पडद्यावर दोन रेषा उमटल्या. सुरुवातीला दोन्ही एकमेकींना चिकटून. मग लाडवाची रेष हळूहळू वर निघाली आणि वरच राहिली.

नम्रता खुर्चीच्या पाठीला धरून बघत राहिली. "ह्यात लहानी पण आहे," ती म्हणाली. "सिद्धगडाखालची. पहिल्यांदा काट्यात घातली तेव्हा काटा हललाच नव्हता. मला वाटलं बिघडलाय."

"आता?" गणूकाकांनी विचारलं.

"आता उचलायला दोघं लागतात."

गणूकाकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी डबा उघडायला सांगितलं, कारण वाचनालयात खायला मनाई होती पण इथं नव्हती. कमळाबाईंनी वालाची उसळ नि तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या. धाऊ, गिरजाबाई सगळेच बसले. जेवण झाल्यावर अनिल आणि धाऊनं मिळून फळी ठोकली. ती थोडी तिरकी बसली, म्हणून पुढं बरीच वर्षं ते दार खांद्यानं ढकलावं लागायचं. नवीन कुलूप येईपर्यंत अनिल दारात खुर्ची टाकून बसला, आणि म्हाताऱ्या मंडळींनी त्याच्याकडून पेपर मागून घेतले.

सोमवारी पाहुणे आले. नम्रता बोलली, रेषा दाखवल्या, लहानीची गोष्ट सांगितली. लाडू सगळ्या पाड्यांवर न्यायचं तिथल्या तिथं ठरलं. अनिल रजा टाकून मागं उभा होता.

पाहुण्यांमधला एक चष्मेवाला तरुण फार प्रभावित झाला होता. "हे विश्लेषण उत्तम आहे, मॅडम. कुठून करून आणलंत? मुंबई? पुणे?"

"आणलं नाही," नम्रता म्हणाली. "घरातच होतं."

तरुणानं मोठ्या आदरानं अनिलकडं पाहिलं आणि तो काहीतरी विचारणार एवढ्यात अनिलनं समोरच्या ताटलीतला एक अख्खा नाचणीचा लाडू उचलून तोंडात टाकला.