बरफ हाय ना?

हरेश्वरभाऊ कुणालाही नमस्कार करत नाहीत. समोरच्याकडे न पाहता विचारतात, "बरफ हाय ना?" माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेराआधी सरबताच्या टपात कोपरापर्यंत हात घातला आणि व्याह्यांच्या देखत जाहीर केलं, "पंगत उठेपर्यंत टिकंल. पुढचं माझ्यावर नाय."

भाऊ सातपाटीचे. उमेदीची वर्षं मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात गेली, आता आमच्या बोईसरच्या केंद्रात गाडी चालवतात. हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्या म्हणजे आमचं केंद्र. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची एक गोळी असते. कारखान्यातले कामगार आणि ट्रकवाले ती नेमाने घेऊ शकतात का, कुठे अडतात, हे आम्ही तपासतो. दर महिन्याला रक्त घ्यायचं, लघवी घ्यायची, इतर गुप्तरोगही पाहायचे, नमुने पालघरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. याद्या माझ्याकडे, नमुने थंड ठेवायची पेटी भाऊंकडे.

इथे कुणाला नाव नसतं, फक्त क्रमांक. हा नियम मी शिकवला सगळ्यांना, पण पाळला भाऊंनी. जिन्यात पाऊल वाजलं की ते स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतात. "नाव ठाव नाय, तोंड ठाव नाय, तर बाजारात भेटला तरी माझ्याकडून काय निघायचं नाय." नवीन आलेल्याला वाटतं, या म्हाताऱ्याला कसली तरी शिक्षा झाली आहे.

त्यांचं वैर एकाच गोष्टीशी, पेटीतल्या निळ्या थंड पिशव्यांशी. "ही काय थंडी? ही थंडीची बतावणी." पेटीवरच्या तापमापकाचे आकडे मी दर तासाला वहीत लिहायचे. भाऊ तो आकडा वाचायचे आणि तरी पेटीला गाल लावून बघायचे.

मे महिन्यात एका मंगळवारी मी प्रशिक्षणाला गेले होते. दुपारी वीज गेली, निळ्या पिशव्या मऊ पडल्या. भाऊंनी बाजारातून बर्फाची लादी आणली, फोडली, रक्ताच्या नळ्यांभोवती दाबून भरली आणि वर खडेमीठ पेरलं. बर्फाच्या कारखान्यात लादी धरते ती मिठाच्या पाण्याच्या टाकीत. मीठ पडलं की थंडी वाढते, हे त्यांना कुठल्याही डॉक्टरपेक्षा पक्कं ठाऊक.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. बारा नळ्यांतलं रक्त दगड झालं होतं. रक्त थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. गोठलं की पेशी फुटतात, तपासायला काही उरत नाही.

झालेली चूक नोंदवायचा कागद भरताना मी 'जबाबदार व्यक्ती' या रकान्याशी थांबले. भाऊंनी पेन घेतलं आणि स्वतःचं नाव रकान्याबाहेर जाईल एवढं मोठं लिहिलं.

बारा जणांना परत बोलवायचं होतं. अहवाल आल्याशिवाय पुढच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, असा नियम. मी यादी केली: कुणाच्या गोळ्या कधी संपतात, कुणाची कामाची पाळी कोणती, कुणाला कधी फोन. गुरुवारपर्यंत अकरा जण येऊन गेले. राहिला क्रमांक सत्तावीस. त्याच्याकडे रविवारपर्यंतच्याच गोळ्या होत्या.

मी फोनवर सांगितलं होतं की नमुना खराब झाला. पलीकडून तो म्हणाला, "सच बोलो मॅडम. मुझे हो गया है ना? इसलिए दुबारा बुला रहे हो." मी नाही म्हणेपर्यंत फोन बंद. पुढे दोन दिवस बंदच.

भाऊ दर अर्ध्या तासाने भिंतीकडे तोंड करूनच विचारायचे, "आला काय सत्तावीस?"

"नाही."

"म्हंजे तो घरी बसून मेल्यासारखा झाला असंल. माझ्या मिठानं."

शुक्रवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "ताई, तेचं नाव मला नको. माझं नाव तेला सांगा. लिवा, सातपाटीच्या हरेश्वरनं मीठ घातलं."

हे माझ्या कुठल्याच ठरावीक मजकुरात बसत नव्हतं. तरी मी तसाच संदेश पाठवला.

पाच वाजता जिन्यात पावलं वाजली. भाऊंचं स्टूल फिरलं. दारात सत्तावीस उभा होता, घामाघूम. "नमक? सच में नमक डाला?" मी मान हलवून भिंतीजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "मैंने सोचा, इतना बेकार झूठ कोई पढ़ा-लिखा आदमी नहीं बनाएगा. ले लो खून." जाताना भिंतीकडे वळलेल्या पाठीला म्हणाला, "चाचा, इस बार फीका रखना."

पाठ थरथरली. हसू होतं की काय, मला दिसलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते: शनिवारी अहवाल चांगला आला, सत्तावीसने गोळ्या नेल्या. पण शुक्रवारी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसले, कारण भाऊ म्हणाले, "एकटा नाय नेणार. माझ्या हातावर माझा भरवसा नाय."

उमरोळी गाव मागे पडलं. मग भाऊ म्हणाले, "सोसायटीच्या बोटीवर एक खलाशी होता. माझा दोस्त. हाच आजार. तवा अशी गोळी नवती."

मी वहीत पेटीचा आकडा लिहिला.

"गेला, तवा कुणी हात लावीना. गाडी कुणी देईना. पोर यायचा होता वेरावळहून, दुसऱ्या दिवशी. मी लादी फोडली, तेच्या अंगाला लावून बसलो. रातभर वितळायची, मी भरायचो. पोरानं तोंड बघितलं, बापाचं होतं तसंच होतं."

"नाव काय त्यांचं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाव नाय सांगणार, ताई." त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "नियम तुमचाच हाय."

पालघरचा फाटा आला. गाडी हळू झाली.

"बरफ हाय ना?"

तापमापकावर चारचा आकडा स्वच्छ दिसत होता. मी वही मिटली, वाकून पेटीला गाल लावला.

"हाय," मी म्हणाले.