ओहोटीच्या पेनीची आणि बाळराजांच्या बेंबीची हकीकत

श्री कुलस्वामिनी समर्थ. तिचे पायी मस्तक ठेवोन, ज्यांस हे खोटे वाटेल त्यांणी आताच उठोन जावे ऐसे सांगोन, लिहिणे आरंभिले ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात बाळराजे जन्मले, आणि बारसे होते न होते तो त्यांची बेंबी फुगोन वर आली. राज्याचा दस्तूर ऐसा की, बेंबी वर आली म्हणजे मातोश्री द्वारकाबाईसाहेब यांणी देव्हाऱ्यातील पेनी काढावी, खोबरेल लावावे आणि फडक्याने बाळाचे पोटावर बांधावी. पेनी म्हणजे विलायतेचे तांब्याचे थोर नाणे, पुढे बादशहाचे मुंडके, पाठीस समुद्रकाठी बसलेली त्रिशूळवाली बाई. आजेसासरे जहाजावर खलाशी होते, त्यांणी ती आणिली. आणि मग तिणे पिढ्यान् पिढ्यांच्या बेंब्या सपाट केल्या, आणि शेजारची राज्येही ती मागावयास येत, आणि मातोश्री त्यांस आधी चार शब्द सुनावीत आणि मग देत. पेनी जिचे हाती तिचे राज्य, ऐसे सासूबाईंनी मरतेसमयी सांगितले होते.

तो मातोश्रींचे चिरंजीव राजे भार्गवराव यांस नाण्यांचे वेड लागले, आणि भिंग घेवोन बोलिले, "आई, पेनी बांधू नकोस. हिच्यावर जे साल आहे, त्या सालच्या पेनीच्या दोन जाती. बाईच्या पायांपाशी समुद्राची रेघ आहे ना, ती वर असली तर भरतीची पेनी, ती पैशाला पासरी. रेघ खाली असली तर ओहोटीची, ती दुर्मीळ. पारखी येऊन बघेपर्यंत डबीत ठेवतो."

मातोश्री बोलिल्या, "पाणी कमी म्हणून मोल जास्त? मग आपला नळ सोन्याचाच म्हणायचा."

मग मातोश्रींनी सूनबाई शर्वरीबाई यांजकडे पाहिले, की ही तरी आपले पक्षास येईल. तो सूनबाई नम्रपणे बोलिल्या, "आई, डॉक्टर म्हणाले, बेंबी आपोआप बसते. नाणं लावायचं नाही." ऐसा दोहींकडोन वेढा पडला. एकास पेनी इतकी मोलाची की बाळास लावू नये, दुसरीस इतकी मळकट की बाळास लावू नये. मातोश्रींस अन्न गोड लागेना, परंतु जेवल्या, कारण उपाशी राहणे म्हणजे शरण जाणे.

पारखी पिंगळे आज येतो उद्या येतो करीत श्रावणात उगवले. आणि त्यांणी पेनी उजेडात तिरपी धरिली, आणि भिंग लाविले, आणि पुसिले, आणि पुन्हा लाविले, आणि मग विचारिते झाले, "काकू, इथला समुद्र कुठाय?"

"असेल तिथंच. समुद्र जातो कुठं?"

"घासून गुळगुळीत झालाय. भरती की ओहोटी, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. झिजली कशानं एवढी?"

मातोश्रींनी राजांकडे बोट केले. "ह्याच्या पोटानं. रडून रडून ह्याच्याएवढी बेंबी घराण्यात कुणाची वर आली नव्हती." राजांनी सदरा खाली ओढिला.

पारखी चहा घेवोन गेले. राजे पेनी मातोश्रींचे हाती देवोन बोलिले, "घे. आता काय हवं ते कर." ऐसी लढाई न करिता फत्ते झाली, परंतु मातोश्रींचा संताप मावेना. म्हणाल्या, "म्हणजे आमची पेनी साधी?"

"साधी आहे असं नाही म्हणाला तो. कळत नाही म्हणाला."

"त्याला कळत नाही, हे खरं."

आणि मातोश्री खोबरेलाची बाटली घेवोन बाळराजांकडे निघाल्या, तो सूनबाईंनी झबले वर केले आणि हळूच बोलिल्या, "आई, बघा तरी. बसलीय."

बेंबी सपाट होती. मातोश्रींनी वरोन बोट फिरवोन पाहिले. न बांधिता बेंबी बसली, तर सासूबाईंचे वचन गेले, पेनी गेली, राज्य गेले. मग मातोश्री बाटलीचे बूच लावोन बोलिल्या, "भार्गवा, पेनी ओहोटीची. घरात नुसती होती तरी बेंबी ओसरली. भरतीची असती, तर पोर आज नारळाएवढी बेंबी घेऊन फिरलं असतं. लिहून ठेव."

येणेप्रमाणे पेनीची जात ठरली, ती देव्हाऱ्यात गेली आणि राज्य मातोश्रींकडेच राहिले. सूनबाई ते समयी तोंडास पदर लावोन आत गेल्या, त्या कशास, हे पुसावयाची कोणाची छाती झाली नाही.