झुलाल नानांच्या दोन बोटांची शाई

"हेमराजच्या मताला जगात कोणी हात लावू शकत नाही! का? तर ते मत माझ्या हातात आहे!"

मतदानाच्या आदल्या दिवशी, धरणगावात सुगनचंद शेठच्या कापडदुकानाच्या पायरीवर बसून झुलाल नानांनी ही घोषणा केली, तेव्हा शेठच्या हातातली कात्री सुटिंगच्या कापडात अर्ध्यावर थबकली.

घोषणा खोटी नव्हती. हेमराज हा नानांचा एकुलता एक मुलगा, सैन्यात नायक. त्याची चौकी इतक्या उंचावर होती, की तिथे बोलायला वाऱ्याखेरीज कोणी नव्हते, आणि वाराही एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत असे. सैनिकाला आपले मत टपालाने पाठवता येते. ते नको असेल, तर आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या माणसाला प्रतिनिधी नेमून त्याच्या हातून बटण दाबून घेता येते. हेमराजची पसंती टपालाला होती. पण नाना पडले जिनिंगमधले निवृत्त ग्रेडर! उभे आयुष्य त्यांनी कापसाच्या गाडीत हात खुपसून ओलावा शोधण्यात घालवले होते. कोणी गाडीवर पाणी मारले आहे, कोणी तळाशी किडका, डागाळलेला कवडी कापूस दडवला आहे, हे त्यांना मूठ दाबताच कळे. निवृत्तीनंतर कापूस सुटला. मूठ दाबण्याची सवय मात्र सुटली नाही. आता ते माणसे दाबून पाहत.

"टपाल? लखोटा किती हातांतून जातो, विचार केलास का?" त्यांनी मुलाला फोनवर दरडावले होते. "कोणी उघडला तर? आणि कोणी उघडला नाही, नुसताच उन्हात धरून पाहिला तर?"

अखेर हेमराज कंटाळला. साहेबाची सही झाली, शिक्का उमटला, आणि मुलाचे मत बापाच्या स्वाधीन झाले.

लढत होती कपबशी आणि शिलाई मशीन या दोन चिन्हांत. उमेदवारांना नावेही होती, पण ती फक्त त्यांच्या घरचेच वापरत. नाना कपबशीचे एवढे कट्टर, की कोणी त्यांना पेल्यात चहा दिला तर तो विरोधकांचा डाव असावा अशा नजरेने ते पेल्याकडे पाहत.

शेठही कपबशीवालेच. त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "नाना, म्हणजे आपली दोन मतं पक्की?"

नानांच्या मिशा हसल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी सून सारिका चहा घेऊन आली आणि पदर सावरत म्हणाली, "नाना, ह्यांचा परवा मेसेज आला होता. ह्यांचं मत शिलाई मशीनला द्यायचं म्हणाले."

नानांनी कपबशी खाली ठेवली. चहावरची साय थरथरली.

"मशीनला? माझ्या मुलाचं मत? मेसेज दाखव!"

सारिकाने मोबाइल पुढे केला. नानांनी तो नाकाजवळ नेला, दूर धरला, उलटा करून पाठीमागूनही पाहिला. मेसेज हेमराजच्याच नावाचा होता. पण गाडीच्या वरच्या थरात पांढराशुभ्र कापूस कोण दाखवत नाही?

"सारिका, मशीनवाल्या उमेदवाराची सासुरवाडी तुझ्या माहेरच्या गल्लीत आहे ना?"

"नाना, ती गल्ली पुष्कळ लांब आहे हो!"

"लांब का असेना, आहे ना?"

स्वयंपाकघरातून नानांच्या बायकोचा, बेबाबाईंचा, अहिराणी आवाज कढईतल्या फोडणीसारखा उसळला. "तुमले बठ्ठं जगच चोर दिसस! पोऱ्यानं मत शे ते, तुमनं नही!"

"मत त्याचंच, मी कुठे नाही म्हणतोय? पण मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

झाले! सगळा घोळ या एका वाक्यातून जन्मला. दोन्ही मते एकाच फेरीत देऊन नाना घरी आले असते, तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण नानांनी सकाळी जाऊन फक्त स्वतःचे मत दिले, डाव्या हाताच्या तर्जनीवर शाई लावून घेतली, आणि घरी येऊन फोनसमोर असे बसले जसे मांजर दुधाच्या पातेल्यासमोर बसते. चौकीवर रेंज येई ती साधूसारखी. कधी यायचे आणि किती वेळ थांबायचे, ते तीच ठरवी. अंगणातले ऊन भिंतीवर चढले, भिंतीवरून कौलांवर गेले. आणि मतदान संपायला आले तेव्हा फोन वाजला!

"नाना, ऐकू येतंय का?" मागे वारा घोंगावत होता.

"हेमराज! कोणाला देऊ रे?"

"मशीनला! शिलाई मशीनला! सारिकाला सांगितलं होतं ना?"

"अरे, पण तू नीट विचार..."

रेंज गेली. ओट्यावर भाजायला ठेवलेल्या वांग्याची साल तडकली.

बेबाबाई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, आणि म्हणूनच नानांना भीती वाटली. "त्यानं सांगं तेच करा," त्या म्हणाल्या. "तो तठे बर्फमा उभा शे. त्याले फसाडू नका."

नाना शाळेतल्या मतदान केंद्रावर पोहोचले तेव्हा रांगेत थोडीच माणसे उरली होती. त्यांनी दारातून आत पाऊल टाकले, आणि शिलाई मशीनचे पोलिंग एजंट म्हणून बाकावर बसलेले सत्तारभाई रंगारी ताडकन उभे राहिले.

"थांबा! नाना, तुम्ही सकाळी मतदान केलंय! माझ्या डोळ्यांसमोर केलंय! बोट दाखवा!"

नानांनी बोट दाखवले. बोट पिकल्या जांभळासारखे काळेशार!

"दुबार! मॅडम, दुबार मतदार! आणि तोही कपबशीचा!"

रांगेतली माणसे मागच्या मागे वाकून पाहू लागली. दारातला हवालदार आत आला. केंद्राध्यक्ष नूतन मॅडम दिवसभराच्या थकव्याने खुर्चीत कलल्या होत्या. त्या सरळ झाल्या. नाना छाती पुढे काढून म्हणाले, "सत्तारभाई, आरडाओरडा करू नका. मी आता मी नाही. मी आता हेमराज आहे!"

या वाक्याने परिस्थिती सुधारली असे म्हणता येणार नाही. हवालदाराने नानांच्या तोंडाचा वास घेतला.

मॅडमनी ओळखपत्र पाहिले, सैनिकांची वेगळी यादी उघडली आणि शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. हे आपल्या मुलाचे प्रतिनिधी आहेत. यांना मुलाच्या वतीने मतदान करता येतं. अशा वेळी शाई मधल्या बोटाला लावतात."

"मधल्या बोटाला?" सत्तारभाईंचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे बापाला मुलाचं मत देता येतं?"

"सैनिकाचं येतं."

"मग मॅडम, माझा रेहान कुवेतला आहे. तिथल्या बिल्डिंगांना रंग लावतो. त्याचंही नाव यादीत आहे. त्याचं मत मी देतो ना!"

"परदेशात असलेल्या नागरिकाला पासपोर्ट घेऊन स्वतः इथे यावं लागतं, सत्तारभाई."

"म्हणजे एक बटण दाबायला विमानाने?"

सत्तारभाई खाली बसले. त्यांनी हरकत मागे घेतली, पण नजर मागे घेतली नाही. एका बापाने दुसऱ्या बापाच्या कोऱ्या मधल्या बोटाकडे असे पाहिलेले नानांनी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांना उगाचच अपराधी वाटले, आणि शाई लावून घेताना त्यांनी मान खाली घातली.

मग नाना पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले.

तिथे कोणी नव्हते. सत्तारभाई नव्हते, शेठ नव्हते, बेबाबाई नव्हत्या. समोर यंत्र होते. त्यावर कपबशीही होती आणि शिलाई मशीनही होते. नानांचे बोट सवयीने कपबशीकडे निघाले. कोणाला कळणार होते? जगात याहून सुरक्षित चोरी दुसरी नव्हती! बोट बटणावर टेकले, आणि तिथेच अडकले. आजवर आपण या मुलाची प्रत्येक इच्छा मुठीत दाबून पाहिली, आणि प्रत्येक वेळी ती ओली म्हणून बाजूला काढून ठेवली, हे नानांना त्या आडोशामागे आठवले. बर्फात उभ्या असलेल्या माणसाचे इथे, या गावात, आज एवढेच होते. बाकी सगळे त्याने देशाला देऊन टाकले होते.

नानांनी डोळे मिटले आणि शिलाई मशीनचे बटण दाबले.

काचेमागे चिठ्ठी दिसली आणि पडली. सकाळी कपबशीला, आता मशीनला. घरातल्या दोन मतांनी एकमेकांना गिळून टाकले होते, आणि तरीही नानांना खूप हलके वाटले.

हलकेपणा फाटकापर्यंत टिकला. बाहेर मशीनवाल्या पोरांनी त्यांना गराडा घातला. "नाना, हात वर करा! फोटो!" दोन काळ्या बोटांचा फोटो मोबाइलवरून मोबाइलवर धावला आणि नाना पानाच्या टपरीपर्यंत पोहोचण्याआधी तिथे पोहोचला. मशीनवाल्यांनी खाली लिहिले होते: 'लोकशाहीचा दिवसाढवळ्या खून!' तोच फोटो कपबशीवाल्यांच्या ग्रुपवरही होता. खाली लिहिले होते: 'नाना म्हणजे वाघ! दोन्ही आपलीच!'

"तसं नाही हो!" नाना टपरीवर ओरडले. "दुसरं मी मशीनला दिलंय!"

टपरीवर असा हशा पिकला, की पानवाल्याच्या हातून चुना सांडला. "तुम्ही मशीनला?" सगळे विचारू लागले. बसस्टँडवरचा एक म्हातारा मात्र हसला नाही. तो नानांच्या कानाशी येऊन गंभीरपणे कुजबुजला, "नाना, तिसऱ्या बोटाची काही सोय असेल तर मलाही कळवा. माझी मेहुणी सुरतेला राहते."

सुगनचंद शेठनी तर नानांना दुकानात ओढून गादीवर बसवले आणि खास मसाल्याचा चहा मागवला. "मान गए नाना! बाहेर मशीन मशीन म्हणून ओरडायचं, आणि आत बरोबर काम करायचं!"

"शेठ, देवाशपथ सांगतो, मी खरंच..."

"माझ्यासमोर कशाला नाटक? मी पण धंदा करतो!"

जन्मभर दुसऱ्यांच्या खरेपणावर संशय घेतलेल्या माणसाला स्वतःचे खरे कुठेच खपेना. खऱ्याला गिऱ्हाईकच नव्हते!

शेवटचा आसरा घर. नाना दारात चपला काढून उभे राहिले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "मशीनला दिलं. त्याने सांगितलं तसंच."

बेबाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांनी मूठ दाबली नाही; त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा. भरीत करी राहिनू."

धरणगावात त्या दिवशी नानांवर विश्वास ठेवणारी ती एकमेव व्यक्ती होती. भरताच्या वासाने घर भरून गेले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी तव्यावर फुगल्या, आणि पहिला घास नाना तोंडात घालणार, तोच फोन!

"नाना!" हेमराजच्या आवाजात हसू मावत नव्हते. "दिलं ना कपबशीला?"

घास हातातच राहिला. "कपबशीला? अरे, तूच मशीन म्हणालास ना!"

"म्हणालो की! मला कपबशीच हवी होती नाना. पण तसं सरळ सांगितलं असतं, तर तुम्हाला संशय आला असता, हा आपल्या मताचा कसा निघाला, याला कोणी शिकवलं! मी सायन्स म्हटलं, तुम्ही कॉमर्सला टाकलं. मी दुकान म्हटलं, तुम्ही जिनिंगमध्ये चिकटवायला निघालात. शेवटी घरी राहायचंय म्हटलं, तेव्हा कुठे मला सैन्यात जायला मिळालं! म्हणून या वेळी मशीन सांगितलं. तुम्ही माझं ऐकणार नाही, याची खात्री होती मला! चुकलो का मी?"

वारा घोंगावत होता. त्या वाऱ्यात उभा राहून एक मुलगा हसत होता. आपण बापाला अखेर बरोबर ओळखले, याचा त्याला केवढा आनंद झाला होता! खरे सांगायला नानांनी तोंड उघडले. मग मिटले. मग पुन्हा उघडले.

"नाही रे, कसला चुकतोस!" ते मोठ्याने म्हणाले. "मी काय तुझं ऐकतो की काय! कपबशीलाच दिलं!"

"वाटलंच मला!" हेमराज खदखदून हसला, आणि रेंज गेली.

नानांनी फोन ठेवून ताटाकडे पाहिले. ताट जागेवर नव्हते. ते बेबाबाईंच्या हातात होते, आणि बेबाबाई आत निघाल्या होत्या.

"बेबा, अगं ऐक, मी खरं म्हणजे मशीनलाच..."

"माले माहीत व्हतं!" आतून आवाज आला. "मना पोऱ्याले फसाडं तुम्ही!"

आणि त्यामागोमाग सारिकाचा, समजूत घालणारा, अगदी मऊ आवाज: "जाऊ द्या आई. मला तर सकाळपासूनच शंका होती."