कार्त्यायनीअम्मांचा हातगुण

शंकुण्णींची हयात भूमापन खात्यात गेलेली, त्यामुळे परसात रोपं लावायची तरी त्यांनी आधी खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या. कडेनं नारळ, मग केळी आणि बरोबर मध्यावर फणस. फणसाचं रोप त्यांच्या बायकोच्या, विलासिनीच्या माहेरचं होतं. तिथलं झाड भावांनी वाटणीच्या वेळी तोडलं. त्याच्या आठळीतून आलेलं हे एकच रोप तिनं मुलासारखं वाढवलं होतं. ते जगलं नाही तर माहेरचं म्हणावं असं तिच्यापाशी काहीच उरणार नव्हतं.

म्हणून लावायला बोलावलं शेजारच्या कार्त्यायनीअम्मांना. पालक्काडकडच्या त्या गावात अम्मांच्या हातगुणाशिवाय कुणी साधी मिरचीही लावत नसे. अम्मा आल्या, चहा प्यायल्या आणि दोऱ्यांकडे ढुंकूनही न बघता विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसल्या. फणसाचं रोप त्यांनी तिथंच लावलं.

"अम्मा, तो मध्यावर..."

"लावताना बोलू नये, शंकुण्णी. रोप बिचकतं."

"तुम्ही गप्प बसा हो," विलासिनी म्हणाली. "हे काय तुमचं ऑफिस आहे?"

पण येता-जाता तो फणस शंकुण्णींच्या डोळ्यांत खुपायला लागला. शेवटी विलासिनी देवळात गेलेली पाहून त्यांनी तो उपटला आणि मध्यावर नेऊन लावला. ती परतल्यावर म्हणाले, "अम्माच येऊन हलवून गेल्या."

दोन दिवसांत फणसानं मान टाकली. विलासिनीच्या घशाखाली घास उतरेना. "अम्मांच्या हातचं असं कधी होत नाही. विचारूनच येते त्यांना," ती म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली. शंकुण्णी मागच्या दारानं धावत सुटले.

अम्मा ओसरीवर पान लावत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "हलवलास ते बरं केलंस. विहिरीला खेटून फणस लावतं का कुणी?"

"मग तुम्ही का लावलात?"

"गुडघे रे. उठताना धरायला काहीतरी लागतं."

"आणि तो हातगुण?"

"जगलं की माझा हातगुण, मेलं की पाणी घालणाऱ्याची चूक. लोकच तसं म्हणतात." अम्मांनी आवाज खाली आणला. "कुठं बोलू नकोस. या वयात मला दुसऱ्या कशाला कोण बोलावतंय?"

तेवढ्यात विलासिनी दारात उभी. "अम्मा, फणस तुम्हीच हलवलात ना?"

अम्मांनी शंकुण्णींकडे एकदा पाहिलं. "मीच."

"मग मान का टाकली त्यानं?"

अम्मांचा हात पानावरच थांबला. शंकुण्णींना त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसल्या.

"पाणी मी घातलं नाही," ते म्हणाले. "विसरलो."

विलासिनीनं त्यांना घरापर्यंत सुनावलं. त्यांनी मुकाट्यानं झावळ्यांची सावली केली, आळं केलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पंधरवड्यानं शेंड्याला तांबूस पान फुटलं. विलासिनी रडली, मग तिनं पायसम केलं आणि भांडं भरून अम्मांकडे निघाली.

"थोडं मलाही ठेव," शंकुण्णी म्हणाले.

"तुम्हाला कशाबद्दल?" ती म्हणाली. "आणि यापुढे त्या झाडाच्या जवळ जायचं नाही."




शंकुण्णी बरं म्हणाले आणि मागच्या पडवीतूनच फणसाकडे बघत बसले.