बिनमायेचं छत

गाडीच्या आतलं छताचं कापड सुटून मास्तरांच्या टकलावर विसावलं, तेव्हा मास्तरांनी कुठल्याही शिंप्याने केलं असतं तेच केलं. बावीस टाचण्या मारून ते वर टाचलं. त्यातली एक टाचणी पहिल्याच वळणावर निसटून मागच्या सीटवर पडली, आणि सासूबाई नेमक्या तिच्यावर सरकून बसल्या.

"ह्या गाडीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही," असं जाहीर करून त्या तेव्हापासून थोरल्या जावयाच्या गाडीतून फिरू लागल्या.

ते दिवसच वेगळे होते. गाडी घरातल्या माणसासारखी वीस-पंचवीस वर्षं सांभाळायची, तिच्या खोडींसकट. साडूंची गाडी मास्तरांच्या गाडीच्याच वयाची. तिचंही छत लोंबलं होतं. पण आता लोंबत नव्हतं.

"भाऊजींनी स्वतः बदललं, दुपारभरात," मास्तरांची बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "एक सुरकुती नाही. ताई म्हणत होती, ह्यांचा कापडाला काय हात आहे!"

मास्तरांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. कापडाला हात! चाळीस वर्षं कात्री कोणी चालवली? साडू टपाल खात्यात शिक्के मारून निवृत्त झालेले. बटण तुटलं तरी गुपचूप मास्तरांच्या दुकानात यायचे.

संध्याकाळी मास्तर सहज म्हणून साडूंकडे गेले आणि सहज म्हणून त्यांच्या गाडीत जाऊन बसले. चष्मा पुसून छताचा कोपरान् कोपरा तपासला. सुरकुती नव्हती. दोनदा हात फिरवला. तरी नव्हती.

"बघा, बघा," साडू खिडकीतून वाकले. "पण मास्तर, तुम्हाला हे जड जाईल हो."

"जड? मला?"

"तुम्हाला चार बोटं माया सोडायची सवय. इथं तसलं काही नसतं. पुठ्ठा काढायचा, मापात कापायचं, चिकटवायचं. संपलं."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की उसवून वाढवता येतं. मास्तरांच्या हातचा कपडा मायेवाचून कधी दुकानाबाहेर पडला नव्हता. त्यांनी शिवलेला झगा मुली तीन-तीन वर्षं घालायच्या. पण साडूंचं ते 'जड जाईल' त्यांच्या जिव्हारी लागलं. साडूंनी स्वतः किती कापलं होतं, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

रविवारी सासूबाई डोळ्याचं ऑपरेशन करून दवाखान्यातून घरी यायच्या होत्या.

"आणायला माझी गाडी जाणार," मास्तरांनी बायकोला सांगितलं.

"आई बसली तर ना!"

"बसतील. छत बघून बसतील."

शनिवारी सकाळी मास्तरांनी दिवा काढला, कड्या काढल्या आणि छताचा पुठ्ठा मागच्या दारातून ओढून दुकानातल्या टेबलावर आणला. जुना फोम खरवडला. त्याचा पिवळा भुगा नाकात, कानात आणि चहात गेला. मग पाठीला फोम लावलेलं करडं कापड पसरून खडूने आखलं. कात्री कडेला आली तसा हात सवयीने चार बोटं बाहेर सरकला. मास्तरांनी त्याला दटावून आत आणलं. मापात म्हणजे मापात.

पुठ्ठा दिसायला सपाट होता. पण दिव्यापाशी त्याला खळगा, कडांना बाक. मास्तर मधून सुरुवात करून एकेका खळग्यात कापड दाबून चिकटवत कडेपर्यंत आले. तिथे कापड संपलं. पुठ्ठा अजून तीन बोटं शिल्लक होता. चारी बाजूंनी. उपटायला गेले तर फोम फाटायला लागला.

बायको जेवायला बोलवायला आली ती दारातच थबकली. "काय हो हे?"

"मापात कापलं."

"चाळीस वर्षं गावाच्या कपड्यांत माया सोडलीत, आणि माझ्याच आईच्या डोक्यावर सोडवेना?"

"साडूभाऊ म्हणाले की—"

"त्यांचं तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?"

ज्याच्यावर जळतो त्याचं माणूस जितकं ऐकतो, तितकं बायकोचंही ऐकत नाही.

शेवटी बायकोनेच फळीवरून गाठोडं काढलं. नाटकाच्या पडद्यातून उरलेली लाल मखमल. तिच्या पट्ट्या कापल्या, अर्थात भरपूर माया ठेवून. बारीक चुण्या घातल्या, वर सोनेरी गोट लावला आणि करड्या कापडाभोवती फिरवून उघडा पुठ्ठा झाकला. दिव्याच्या भोकाला मास्तरांनी चक्क काज केलं. ऊन उतरायच्या आत छत जागेवर बसलं.

रविवारी दवाखान्याच्या दारात दोन्ही गाड्या उभ्या. साडूही दार उघडून हजर! सासूबाईंनी उघड्या डोळ्याने आधी साडूंच्या गाडीत डोकावलं. "छान आहे," म्हणाल्या. मग मास्तरांच्या गाडीत डोकावल्या, ते डोकं बाहेर काढीचनात.

"अगं बाई! ही तर राणीची बग्गी!" आणि त्या आत जाऊन ऐसपैस बसल्या.

"चुण्या का घातल्या?" साडूंनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"शोभेला," मास्तर म्हणाले, आणि रस्ता मोकळा असताना तीनदा हॉर्न वाजवत निघाले.

घरी उतरताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, डॉक्टरांनी महिनाभर रोज औषध घालायला बोलावलंय. दुपारी दोनला या. आणि वाटेत माझ्या मैत्रिणींनाही घेऊ. त्यांनी बघायला हवी ही गाडी."

मंगळवारी, भर उन्हात, चार म्हाताऱ्यांना घेऊन मास्तरांची गाडी साडूंच्या घरावरून चालली होती. साडू ओसरीवर आरामखुर्चीत पाय पसरून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होते.

"जावईबापू, जरा हळू," मागून आवाज आला. "हिला तो गोट बघायचाय."

मास्तरांनी गाडी हळू केली आणि आरशात साडू दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले. एवढा हेवा त्यांना आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता.