भूपालअण्णांचा गॉगल

आमच्या गल्लीतल्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं आणि भूपालअण्णा मध्यंतरी त्या भजनाला काळा गॉगल लावून पेटीवर बसायला लागले. मंडपात दोन ट्यूबलाइट आहेत, त्यातली एक कायम फडफडत असते. उन्हाचा काही संबंध नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "डोळ्याचं आप्रेशन झालंय." झालं होतं खरं, पण सहा वर्षांपूर्वी.

अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं, ते आता मुलगा बघतो. पेटी कुणाकडे शिकले नाहीत. "ऐकून आली," म्हणतात. पेटीबद्दल त्यांचं एकच शास्त्र होतं आणि ते प्रत्येक नवशिक्याला ऐकावं लागे. "पेटीकडं बघून वाजवतोय त्यो वाजवत न्हाय, टायपिंग करतोय." स्वतः अण्णा मान वर करून तुळईकडे बघत वाजवायचे. बोटं आपली आपण चालायची आणि तोंड कुणाला तरी झाडायला मोकळं राहायचं.

झाडण्याचा मुख्य मानकरी म्हणजे गुरुपादअप्पा. मंडळाचे गायक, अण्णांच्याच वयाचे, मूळचे नेसरीकडचे गुळाचे व्यापारी. प्रत्येक अभंग संपला की अण्णा सगळ्यांदेखत म्हणत, "गुरुपादा, गातोयस का म्हशी हाकतोयस?" अप्पा म्हणत, "तू गप वाजव की." चाळीस वर्षं हे चाललंय. नवीन माणसाला तो भजनाचाच भाग वाटतो.

गॉगल आला त्या सुमाराला अण्णांच्या इतरही काही तऱ्हा सुरू झाल्या. टपरीवरचा चहाचा ग्लास मी रुमालात धरतो. अण्णा तो अख्ख्या मुठीत धरायला लागले. "ही मोटारी उचललेली हाडं हायेत, मास्तर. तुमच्यावानी खडूची न्हवंत." मला कौतुक वाटलं. किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घालून, डोळे मिटून ढवळत उभे राहायचे. दुकानदार म्हणाला, "अण्णा, तांदूळ घ्यायचाय का मळायचाय?" जन्मभर बटणांचा शर्ट घातलेला माणूस अचानक टी-शर्टात हिंडू लागला. पेटी तीनदा दुरुस्तीला नेली. तक्रार एकच, "पट्ट्या बधिर झाल्यात." तिसऱ्या खेपेला कारागीर म्हणाला, "अण्णा, पेटी ठणठणीत हाय. दुसरं काय दाखवायचं असलं तर डाक्टरकडं जावा." अण्णांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दोन ओळींच्या मधलं वाचा, असं पोरांना रोज सांगितलं. आणि एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत असताना मी त्याला म्हातारचळ म्हणून मोकळा झालो. शिवाय चारचौघांत सांगायला किस्से मिळाले, याचा मला आनंदच होता.

अशात मंडळाच्या अध्यक्षांनी अण्णांचा सत्कार ठरवला. कोल्हापुरात सत्कार टाळता येत नाही, कारण उत्सवमूर्तीला विचारायच्या आधी फ्लेक्स छापून झालेला असतो. फ्लेक्सवर 'हार्मोनियम सम्राट' असं लिहिलं होतं. सम्राटांपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता. भाषण मी करायचं ठरलं.

भाषणात मी तांदळाचं पोतं सांगितलं, टी-शर्ट सांगितला. लोक हसले. मग फेटा बांधणारा अण्णांच्या डोक्याशी झटायला लागला. "अण्णा, गॉगल काढा की, फेटा बसंना झालाय."

"ऱ्हाऊ दे त्यो," अण्णा म्हणाले.

मी पुढे झालो, त्यांचा गॉगल काढला आणि माझ्या खिशात टाकला. माइकवर म्हणालो, "सम्राटांचे डोळे एकदा प्रजेला दिसू द्या!" मंडप दणाणला. शाळामास्तराला असा हशा फारसा मिळत नाही. मला तो गोड लागला.

मग अध्यक्ष म्हणाले, आता अण्णांनी काहीतरी वाजवावं.

अण्णांनी भाता सोडला आणि सवयीनं तुळईकडे बघितलं. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत बोट दोन पट्ट्यांच्या मधे पडलं आणि दोन्ही सूर एकदम ओरडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मग अण्णांनी मान खाली घातली आणि एकेक पट्टी डोळ्यांनी शोधत वाजवायला लागले. नवीन लागलेला कारकून जसा अक्षर शोधतो, तसे. तबल्यावरचा सुरेश म्हणाला, "काय अण्णा, टायपिंग सुरू व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

अण्णा थांबले. भाता मिटला आणि त्याची कडी लावायला गेले. ती चिमटीत येईना. दोनदा निसटली, तीनदा निसटली. शेवटी तशीच सोडून, फेट्यासकट उठून ते घरी गेले. ती लोंबती कडी बघताना मला पहिल्यांदा कळलं की गॉगल कशासाठी होता. पेटीकडे बघतोय, हे कुणाला दिसू नये म्हणून.

पुढचे दोन गुरुवार अण्णा आले नाहीत. अध्यक्षांच्या पुतण्यानं पेटी धरली. पोरगा सुरेख, पुस्तकात लिहिल्यासारखा वाजवतो. पण त्या दोन गुरुवारी गुरुपादअप्पा विचित्र गायले. सुरुवात बरी व्हायची, मग गाणं एकीकडे आणि पेटी दुसरीकडे. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, "अप्पांचं आता थांबवाय पायजे."

तिसऱ्या बुधवारी मी गॉगल परत द्यायला गेलो. दार अण्णांच्या बायकोनं, आक्कांनी उघडलं. अण्णा गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसले होते. मी क्षमा मागायची वाक्यं घरून तयार करून नेली होती, शब्द चांगले निवडले होते. पहिलं वाक्य अर्धं झालं असेल.

"ते ऱ्हाऊ दे, मास्तर. गुरुपादा कसा म्हणाला?"

"जरा... सुरात नव्हते."

"जरा?" अण्णा माझ्याकडे रोखून बघत राहिले. "तीन वर्सं झाली. कान गेल्यात त्येचं. सूर धरतोय बराबर, पण दोन ओळी झाल्या की घसरतोय. त्यो घसरला की मीबी त्येच्या मागनं पट्टी बदलत जातोय. लोकांस्नी वाटतंय, ठरवूनच केलंय."

मला तीन वर्षांत ते कळलं नव्हतं.

"त्येला बोटं लागत्यात. डोळं मिटून पळणारी." त्यांनी हात पाण्यातून काढला आणि उलटासुलटा करून बघितला, दुसऱ्याचा असल्यासारखा. "डाक्टर म्हनतोय मानंतली शीर दबलीया. टोकाला कायबी कळत न्हाय. पट्टी हाय का फळी हाय. बघून वाजवायचं म्हंजे मी हितं आणि गुरुपादा पार पुढं."

"मग अप्पांना सांगू या ना. समजून घेतील."

"खुळं हाय का तुमी?" अण्णा कडाडले. "बाईल गेली, पोरं पुण्याला. आठवड्यातनं एकदा त्यो इस्त्रीची कापडं घालतोय. गुरुवारी. त्येला काय सांगताय?"

आक्कांनी चहा ठेवला. अण्णांनी ग्लास धरताना मुद्दाम माझ्याकडे बघितलं. या वेळी हाडांचा विषय निघाला नाही.

"उद्या येतो मी," ते म्हणाले. "तुमी माइकवर सांगायचं. अण्णाची बोटं बधिर झाल्यात, हितनं फुडं जे बेसूर हुईल ते पेटीचं. भाषण करू नगा. एवढंच सांगा."

"लोक हसतील, अण्णा."

"हसू देत. मला हसू देत."

गुरुवारी मी उभा राहिलो आणि तेवढंच सांगितलं. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत लहान भाषण आणि त्यातलं अर्धं खोटं होतं. गुरुपादअप्पा वर्तमानपत्रात फक्त गुळाचा भाव वाचतात, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. अण्णा सगळ्यांसमोर मान खाली घालून, उघड्या डोळ्यांनी एकेक पट्टी शोधत वाजवत होते. सुरेश मुकाट्यानं ठेका धरत होता. अप्पांनी झकास उचललं आणि तिसऱ्या ओळीला घसरले. अख्ख्या मंडपानं कीव केल्यासारखं बघितलं, ते अण्णांकडे. मीही त्यांच्याकडेच बघत होतो, पण फार वेळ बघवलं नाही.

अभंग संपला. आता अण्णांनी म्हशींचं काढायला हवं होतं. गुरुपादअप्पाच कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पुढे सरकले आणि त्यांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली.

"काळजी करू नगस, अण्णा. तू कुटंबी चुक. मी घेतो की सांभाळून!"

अण्णांनी पट्ट्यांवरची नजर काढली नाही.

"व्हय रं," ते म्हणाले. "तू हायस म्हणून चाललंय बघ."