धारोबाचं पहिलं वर्ष

जुलैच्या सतरा तारखेला सकाळी सव्वादहा वाजता कुंभारठ गावच्या वेशीवरचा देव धारोबा आमच्या विद्यालयात प्रवेश घ्यायला आला, तेव्हा प्रवेशाची मुदत संपून दोन दिवस झाले होते. मी तसं सांगितलंही. पण गुडघाभर उंचीचा, शेंदूर लावलेला पाषाण दारात येऊन उभा राहिला की त्याला 'पुढच्या वर्षी या' म्हणायला जीभ रेटत नाही. मुख्याध्यापक घाडी गुरुजींनी विलंबाचं कारण म्हणून 'चालत आला' असं लिहिलं आणि अर्ज दाखल करून घेतला.

आमचं ग्रामदैवत सेवक विद्यालय लहान आहे. दोन खोल्या, सहा विद्यार्थी, दोन शिक्षक. गुरुजी गाऱ्हाणं शिकवतात, म्हणजे माणसाची अडचण देवापुढे रीतसर कशी मांडायची ते. मी, बुधाजी गुरव, कौल शिकवतो. देवाच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गेली चाळीस वर्षं आम्ही फक्त विचारणाऱ्याला शिकवत आलो. उत्तर देणाऱ्यालाही शिकवावं लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

देव बोलत नाही, त्यामुळे प्रवेशअर्जही आम्ही कौल लावूनच भरला. याआधी कुठं शिक्षण झालंय का? डावी पडली. शिकायची इच्छा स्वतःची आहे का? उजवी पडली. घरच्यांची संमती आहे का, यावर दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. मी तो रकाना कोरा ठेवला.

तेव्हाच मी त्याला नीट पाहिलं. सगळ्या अंगावर पाकळ्या सुकून चिकटल्या होत्या. शेंदूर त्यातून जेमतेम डोकावत होता. तेवढे प्रश्न त्याच्याकडे अनुत्तरित पडून होते.

कारण साधं होतं. पूर्वी लोक विचारायचे, हरवलेली गाय कुठल्या अंगाला गेली, विहीर कुठं खणू, भावकीतला तंटा मिटेल का. सगळं वेशीच्या आतलं. आता लोक विचारतात, मस्कतचा व्हिसा होईल का, पोरीला पुण्यात प्रवेश मिळेल का, मुंबईच्या इस्पितळातला रिपोर्ट कसा येईल. धारोबाची नजर वेशीपर्यंत. त्याची नेमणूकच तेवढ्यापुरती आहे. लोकांच्या गरजा बदलल्या म्हणून आम्हीही अभ्यासक्रम बदलला होता. गुरुजींनी व्हिसाचं गाऱ्हाणं रचलं, ते पंचक्रोशीत गाजलं. पण विचारणं सुधारलं तसा त्याच्या अंगावरचा पाकळ्यांचा थर वाढत गेला.

त्यातल्या दोन पाकळ्या मी स्वतः लावलेल्या होत्या. माझी थोरली बहीण द्वारकाआक्का. तिचा एकुलता एक मुलगा उल्हास मालवाहू जहाजावर आहे, आणि तेव्हा सहा महिने त्याचा फोन नव्हता. कंपनीवाले चौकशी चालू आहे म्हणतात. एप्रिलात आक्काने कौल मागितला, पोर जिवंत आहे का. पाकळ्या पडल्या नाहीत. तेव्हापासून माझा नेम झाला. दर शनिवारी वेशीवर जाऊन पाकळ्या बघायच्या आणि आक्काच्या अंगणात उभ्या उभ्या 'अजून नाय' असं सांगून परत फिरायचं. रविवारी मला जेवण जात नसे.

धारोबाचा वर्ग अकरा ते चार. तो मुलांच्या रांगेत दाराजवळ बसे. गैरहजेरी एकही नाही. तो तिकडे नसताना वेस राखायला गावाने एक नारळ ठेवला होता आणि सगळे जीव मुठीत धरून चार वाजायची वाट बघत. दोनदा सरपंचांची चिठ्ठी आली की देवाला लवकर सोडावं.

गुरुजींनी आधी भूगोलाचा घाट घातला. भिंतीवर जगाचा नकाशा लावला, छडीने मस्कत, सिंगापूर, सुवेझचा कालवा दाखवला. दोन महिने हेच. मग विचारलं, "देवा, यातला काय दिसता काय?" डावी पाकळी पडली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

मग विश्वस्तांची बैठक झाली. एक विश्वस्त म्हणाले, दिसत नाही तर नसू दे, त्याला सरळ उजवी पाडायला शिकवा, लोकांना तेच तर हवं असतं. मत द्यायची पाळी माझ्यावर आली. काय सांगू, मी हात वर केला. मला उजवी पाकळी हवी होती. खरी की खोटी, याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नव्हतं. मला एका शनिवारी आक्काच्या अंगणात जाऊन 'पडली' म्हणायचं होतं, बस्स.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचा सराव घेऊ लागलो. गुरुवारी विचारायचं, आज बुधवार आहे ना? डावी. मी तीन बोटं दाखवून विचारायचं, ही चार आहेत ना? डावी. मी समजावलं, रागावलो, एकदा तर पाया पडलो. देवापुढं खोट्यासाठी हात जोडताना माझी मलाच लाज वाटली, पण हात खाली आले नाहीत.

जानेवारीत चंद्रहास नावाच्या विद्यार्थ्याने वर्गात चूक केली. नवशिके करतात तीच. डावी-उजवी लावून झाल्यावर एक पाकळी उरली, ती त्याने धारोबाच्या कपाळावर मधोमध चिकटवली. मी त्याचे दोन गुण कापले. त्याने विचारलं, माझ्या काकाचं दुबईतलं काम टिकेल का? मधली पाकळी पडली.

गुरुजी शेजारच्या खोलीतून आले. त्या पडलेल्या पाकळीकडे बघून ते म्हणाले, "म्हायत नाय, असा म्हणता तो." मग चंद्रहासचे दोन गुण परत देऊन अभ्यासक्रमात मधल्या कौलाची भर घातली. विश्वस्त घाबरले. देवच माहीत नाही म्हणायला लागला तर विद्यालयाकडे कोण येईल? मला वेगळीच धास्ती होती, आक्काच्या प्रश्नाची.

मार्चमध्ये त्याची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. नियमाप्रमाणे खरा माणूस आणि खरा प्रश्न लागतो, आणि सगळ्यात जुन्या अनुत्तरित प्रश्नाचा मान पहिला. प्रश्नांची वही उघडली तर व्हिसावाल्यांनी अर्ज मागे घेतले होते, रिपोर्टवाल्यांचे रिपोर्ट आले होते. सर्वांत जुना प्रश्न आक्काचा होता. परीक्षक मी.

आक्का नेसूचं साधं लुगडं नेसून आली. मी तिच्याकडे न बघता तीन पाकळ्या लावल्या. उजवी एकदा लावून काढली आणि पुन्हा लावली. ती मी जरा सैलच लावली, हे इथं कबूल करतो.

"बाबा, माजो उल्हास जित्तो आसा काय?" तिने विचारलं.

पुष्कळ वेळ काही झालं नाही. उजवी पाकळी कडेला सुटली, लोंबली. ती तशीच लोंबत राहिली आणि कपाळावरची खाली पडली. तिच्यामागोमाग अंगावरच्या सगळ्या सुकलेल्या पाकळ्या गळाल्या आणि धारोबाचा शेंदूर लख्ख दिसू लागला.

मला वाटलं, आता आक्का कोसळणार. ती पुढं झाली, पदराने त्याच्या कपाळावरचं ओलं पुसलं आणि म्हणाली, "म्हायत नाय तर नाय. मगे मी एकटीच कित्याक बसू? चल माझ्यावांगडा."

तिठ्यावर साडेचारची एसटी येते. आक्का चौदा महिने रोज तिथं जाऊन बसत होती. हे मला तेव्हा कळलं. ती निघाली आणि धारोबा तिच्या मागून निघाला. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

त्या महिन्यात गावातून एकतीस अर्ज आले. कुणालाही कौल नको होता, सोबत बसायला देव हवा होता. एकटा धारोबा किती जणांना पुरणार? जूनपासून विद्यालयाने 'सोबत बसणे' हा विषय सक्तीचा केला. शंभर गुण, लेखी काही नाही. विद्यार्थी कमी पडले म्हणून शिक्षकांनाही पाळ्या लागल्या. मी गुरुजींकडून सोमवार मागून घेतला.

पहिल्या सोमवारी चार वाजता मी तिठ्यावर गेलो. आक्का थांब्याच्या बाकावर बसली होती. सवयीने मी समोर उभाच राहिलो.

"कोणी धाडल्यान तुका?" तिने विचारलं.

"विद्यालयान," मी म्हणालो.

ती थोडी सरकली. मी बसलो. साडेचारची गाडी पाच वाजता आली, दोन बायका आणि एक कोंबड्यांची डाल उतरवून गेली. मग सहाची यायची होती.